आधार सुटल्यानंतरचा तोल

(रेडिओवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना नवल वाटेल. बॅले नांवाच्या युरोपीय नृत्यांत मुली पायाच्या बोटांच्या अगदीं शेंड्यावर उभ्या राहतात. त्यासाठीं त्यांच्या पायांत एक विशेष प्रकारचा बूट असतो. त्याला पॉइंटचा बूट म्हणतात. भिंतीलगतची दांडी धरून असें उभें राहणें ही एक गोष्ट, आणि दांडी सोडून मोकळ्या जमिनीवर तसेंच उभें राहणें ही अगदीं निराळी गोष्ट. ही दुसरी गोष्ट कशी साधते, आणि तिच्या आधीं काय काय साधलेलें असावें लागतें, याचा आज विचार करावयाचा आहे.

मी नर्तक नव्हे. पस्तीस वर्षें शाळेंत मुलांना कवायत आणि शास्त्र शिकविलें, एवढीच माझी या विषयांतील पुंजी. परंतु तोल ही गोष्ट कवायत आणि शास्त्र या दोहोंच्या सीमेवर असल्यामुळें मला या विषयाचा अभ्यास करावासा वाटला. त्याला कारणहि घडलें. आमच्या अंबरनाथमध्यें ओळखीच्या एका घरांतील अकरा वर्षांच्या मुलीनें चित्रफिती पाहून हौसेनें असे बूट घरबसल्या मागविले. शिक्षक नाहीं, शाळा नाहीं. खिडकीचे गज धरून सराव सुरू झाला. गज धरलेले होते तोंपर्यंत सारें ठीक वाटलें. एके दिवशीं तिनें हात सोडले आणि घोटा आंत वळून ती गुळगुळीत फरशीवर पडली. सहा आठवडे पाय बांधून ठेवावा लागला. मुलीचा दोष नव्हता, आणि हौस तर दोषास्पद नव्हेच. गज धरून जें साधलें तोच तोल, अशी घरांतील सर्वांचीच समजूत होती. ही समजूत किती ठिकाणीं असेल कोण जाणे. म्हणून हा खटाटोप.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. बोटांच्या शेंड्यावर नाचण्याची रीत फार प्राचीन नाहीं. १८३२ सालीं पॅरिस येथें ‘ला सिल्फीद’ या बॅलेंत मारी ताल्योनी या नर्तकीनें ती अशा कुशलतेनें योजिली कीं, ही बाई जमिनीला टेंकलेलीच नाहीं असा प्रेक्षकांस भास व्हावा. तिच्या पायांत आजच्यासारखा कडक बूट नव्हता. साध्या रेशमी सपाता होत्या, आणि त्यांच्या कडा व टोंकें दोऱ्यानें शिवून जरा घट्ट केलेलीं होतीं. म्हणजे तिला उचलून धरीत होते ते तिच्या पायांचे आणि कमरेचे स्नायू. पुढें इटलींत बूट अधिक कडक होत गेला, आणि १८९५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें पिएरिना लेन्यानी हिनें ‘हंससरोवर’ या बॅलेंत एकाच पायावर ओळीनें ३२ गिरक्या घेऊन दाखविल्या. बुटानें मदत केली खरी; पण बूट म्हणजे तोल नव्हे, हें ताल्योनीच्या उदाहरणावरून कायमचें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आपल्या देशाशीं या कलेचा संबंध बराच जुना आहे. आना पाव्हलोव्हा ही जगप्रसिद्ध रशियन नर्तकी १९२२-२३ च्या दौऱ्यांत हिंदुस्थानांत येऊन गेली. आणि १९२३ सालीं तिच्या मंडळीनें आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून सुचलेला एक बॅले लंडनमध्यें रंगभूमीवर आणला. १९२८ सालीं तिचा मुंबईंतील प्रयोग रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं पाहिला. पुढें त्या पाव्हलोव्हाच्या मंडळींत बॅले शिकल्या, आणि पाव्हलोव्हाच्याच सल्ल्यावरून त्यांनीं आपलें लक्ष भारतीय नृत्याकडे वळविलें. १९६६ सालीं तुष्ना डल्लास यांनीं मुंबईंत बॅलेची शाळा काढली. अलीकडची गोष्ट सांगावयाची तर येहुदा माओर या शिक्षकाच्या हाताखालीं मुंबईंत शिकलेले अमीरुद्दीन शाह आणि मनीष चौहान हे दोन तरुण. एक वेल्डिंगचें काम करणाऱ्याचा मुलगा, दुसरा टॅक्सीचालकाचा. अमीरुद्दीनला २०१७ सालीं लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्यें प्रवेश मिळाला, आणि या दोघांच्या धडपडीवर सूनी तारापोरवाला यांनीं काढलेला ‘ये बॅले’ हा चित्रपट २०२० सालीं प्रसिद्ध झाला. पुरुष नर्तक सहसा पॉइंटचे बूट वापरीत नाहींत. परंतु त्या चित्रपटानंतर साध्या घरांतील मुलामुलींनाहि ‘हें आपणांस जमेल’ असें वाटूं लागलें, ही चांगली गोष्ट झाली.

आपल्या नृत्यशास्त्रालाहि चवड्यावरचें उभें राहणें ठाऊक आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत पावलाचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं ‘अग्रतलसंचर’ या प्रकारांत टांच उचललेली आणि भार पुढच्या तळव्यावर असतो. आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरांत इसवी सन १०६० चा, म्हणजे शिलाहार राजवटीचा, शिलालेख आहे. त्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरील स्त्रीमूर्ति सावकाश न्याहाळाव्या. कंबर एका बाजूस झुकलेली, खांदे दुसऱ्या बाजूस, मान पुन्हां पहिल्या बाजूस. शरीर तीन ठिकाणीं वळलेलें आहे, तरी मूर्ति पडेलशी वाटत नाहीं. कारण एका बाजूस जेवढें वजन गेलें तेवढें दुसऱ्या बाजूस आणून शिल्पकारानें हिशेब मिटविला आहे. बॅलेंतील नर्तकीलाहि हाच हिशेब मिटवावा लागतो. फरक इतकाच कीं, तिच्या पायाखालची जागा फार लहान असते, आणि दगडाप्रमाणें तिला एकदांच जमवून चालत नाहीं. क्षणोक्षणीं जमवावें लागतें.

ही जागा किती लहान तें पाहूं. पॉइंटच्या बुटाच्या टोंकांत लांकूड किंवा लोखंड असतें असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाहीं. जुन्या पद्धतीच्या बुटाचें टोंक कापडाचे व कागदाचे थर खळीनें एकावर एक चिकटवून आणि वाळवून कडक केलेलें असतें. तळाशीं चामड्याची किंवा पुठ्ठ्याची ताठ पट्टी असते, आणि वरून साटीनचें कापड. टोंकाचा जो सपाट भाग जमिनीला लागतो तो आगपेटीपेक्षांहि लहान असतो. तो अंदाजें दहा चौरस सेंटिमीटर धरूं. पंचेचाळीस किलो वजनाची मुलगी एका पायाच्या टोंकावर उभी राहिली, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साडेचार किलो भार आला. तीच मुलगी दोन्ही तळवे टेंकून उभी असतां, दोहोंचें मिळून दोनशें चौरस सेंटिमीटर क्षेत्र धरल्यास, हा भार पाव किलोहूनहि कमी भरतो. म्हणजे वीसपट फरक. बूट चवड्याला चोहोंकडून आवळून यांतील कांहीं भार पावलाच्या बाजूंवर वांटतो, म्हणून बोटें तो सहन करतात. बूट सैल असेल तर सारा भार बोटांच्या नखांवर येतो. यासाठींच हा बूट जाणकारासमोर पायांत घालून, उभें राहून, मगच घ्यावयाचा असतो; नंबर सांगून टपालानें मागवावयाचा नसतो.

आतां दुसरा हिशेब. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारणपणें बेंबीच्या जरा खालीं असतो. बोटांवर चढलेल्या मुलीच्या बाबतींत तो जमिनीपासून सुमारें एक मीटर उंच येतो. टोंकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचें अंतर एक ते दोन सेंटिमीटर. गुरुत्वमध्यांतून सोडलेला ओळंबा या कडेबाहेर पडला कीं शरीर कलंडूं लागतें. एक मीटर उंचीवर दोन सेंटिमीटर म्हणजे जेमतेम एक अंशाचा कल. गवंड्याची भिंत एक अंशानें कलली तर आपल्या डोळ्यांना ती दिसणारहि नाहीं. परंतु या मुलीचा तोल तेवढ्यानें जातो.

मग ती उभी राहते तरी कशी? येथें बहुतेकांची चूक होते. तोल म्हणजे स्तब्धता असें आपण समजतों. वास्तविक तोल म्हणजे अखंड चाललेली दुरुस्ती. लहानपणीं आपण तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ खेळलों असूं. हात एका जागीं गच्च धरला तर काठी पडते. हात सारखा थोडा थोडा हलवीत राहिलें तर ती उभी राहते. आणखी एक गंमत अशी कीं, लांब काठी उभी ठेवणें सोपें, पेन्सिल उभी ठेवणें कठीण. लांब काठी सावकाश कलते, त्यामुळें दुरुस्तीला अवकाश मिळतो. माणसाचें शरीर ही तशी लांब काठीच आहे. निसर्गानें आपणांस दुरुस्तीपुरता वेळ दिलेला आहे. तो वेळ वापरण्याचें शिक्षण मात्र आपलें आपण घ्यावयाचें.

ही दुरुस्ती करण्यासाठीं मेंदूला तीन ठिकाणांहून वर्दी मिळत असते. पहिलें ठिकाण डोळे. दुसरें आंतल्या कानांतील तोलाचें इंद्रिय. तिसरें सांधे, स्नायू आणि तळव्याची कातडी. डोळे मिटून एका पायावर उभें राहून पाहावें, म्हणजे डोळ्यांचा वांटा किती मोठा आहे तें दहा सेकंदांत कळतें. पॉइंटच्या बुटांत तळव्याची जमिनीशीं असलेली ओळख जवळजवळ तुटते, त्यामुळें उरलेल्या वर्दीवरच भिस्त ठेवावी लागते. शिवाय सपाट पावलावर असतांना आपण बोटें आणि टांच यांच्यांत भार मागेंपुढें सरकवून तोल सांवरतों. टोंकावर तशी जागाच उरत नाहीं. म्हणून दुरुस्तीचें बरेंचसें काम कमर, पाठ आणि हात यांच्याकडे जातें. ज्या मुलीची कमर आणि पाठ ढिली आहे, तिचा घोटा कितीहि बळकट असला तरी तिला मोकळ्या जागेंत उभें राहतां येणार नाहीं, याचें कारण हें आहे.

आतां दांडीचा विचार करूं. बॅलेच्या वर्गांत भिंतीलगत कमरेच्या उंचीवर लांकडी दांडी असते. तिला बार म्हणतात. प्रत्येक वर्गाचा पहिला भाग बारशीं होतो, आणि तो अत्यंत आवश्यक आहे. परंतु बार दोन प्रकारची मदत करतो, आणि दुसरा प्रकार सहसा लक्षांत येत नाहीं. पहिली मदत उघड आहे. तो भार घेतो. दुसरी मदत अशी कीं, तो खबर देतो. प्रयोगांत असें आढळून आलें आहे कीं, उभ्या माणसानें स्थिर वस्तूला केवळ बोटाचें टोंक लावलें, आणि तेंहि शंभर ग्रॅमपेक्षां कमी दाबानें, तरी त्याच्या शरीराचें डोलणें पुष्कळच कमी होतें. एवढ्या दाबानें शरीर कांहीं उचलून धरलें जात नाहीं. पण शरीर कोणत्या बाजूस चाललें आहे याची बातमी बोटाकडून मेंदूला अगोदर मिळते. म्हणून ‘मी बारला नुसती टेंकतें, धरीत नाहीं’ असें म्हणणारी मुलगीहि आधारावरच उभी असते.

आमच्या लोकलच्या प्रवाशांस हें समजावयास फार वेळ लागणार नाहीं. बदलापुराहून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचें अंतर सुमारें ६८ किलोमीटर. डब्यांत वरची कडी धरून उभा असलेला प्रवासी स्वतःस स्थिर समजतो. गाडी सांधे बदलतांना कडी सुटली कीं तो शेजाऱ्याच्या अंगावर जातो. रोज उभ्यानें जाणारा जुना प्रवासी मात्र गुडघे किंचित् सैल सोडून, पावलें बेतानें अंतरावर ठेवून, कडी न धरतां वर्तमानपत्र वाचीत असतो. दोघांच्या पायांतील ताकदीचा फरक फार नसेल. फरक असा कीं, एकाच्या शरीरानें दुरुस्ती करण्याची संवय लावून घेतली आहे आणि दुसऱ्याच्या शरीरानें ती कडीवर सोंपविली आहे. आपल्या मल्लखांबांतहि हाच क्रम आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत बाळंभटदादा देवधरांनीं ज्या विद्येला पुन्हां उजाळा दिला, तिच्यांत जमिनींत पुरलेल्या खांबावर अंग तयार होतें; निराधार मल्लखांब, म्हणजे जमिनींत न रोंवलेला खांब, त्यानंतरचा. खांब पुरलेला असतांना ज्या चुका खांब पोटांत घालतो, त्याच चुका निराधार खांबावर उघड्या पडतात.

तेव्हां बार सोडण्याची तयारी बारशींच सुरू करावयाची. तिची एक कसोटी फार सोपी आहे. दोन्ही पायांवर चढून उभें राहावें, आणि शरीर मुळींच न हलवितां हात बारपासून दोन बोटें वर उचलावा. हात उचलण्यापूर्वीं शरीराला सरकून जागा बदलावी लागली, तर समजावें कीं, आतांपर्यंत आपण आपल्या पायांवर उभ्या नव्हतों. ही कसोटी रोज, प्रत्येक व्यायामाच्या शेवटीं घ्यावी. प्रथम दोन आंकडे मोजेपर्यंत, मग चार, मग आठ. हात बारच्या किंचित् पुढें ठेवावा. मागें ठेवला तर खांदा ओढला जातो आणि पाठ वांकडी होते. दांडी आवळून धरूं नये. आंगठाहि इतर बोटांबरोबर दांडीच्या वरच ठेवावा.

घरीं करावयाचा अभ्यास पॉइंटच्या बुटांशिवाय, अनवाणी करावा. त्यांत तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, एका पायावर उभें राहणें: प्रथम तीस सेकंद डोळे उघडे ठेवून, पुढें मान सावकाश डावीउजवीकडे वळवीत, आणि शेवटीं भिंतीच्या जवळ डोळे मिटून. दांत घासतांनासुद्धां हें होऊं शकतें. दुसरी, तळव्याची कमान उचलणें: बोटें न मुडपतां, लांब व जमिनीला टेंकलेलीं ठेवून, फक्त कमान आकसून वर घ्यावयाची. या लहान स्नायूंकडे कोणी लक्ष देत नाहीं. पण बुटाच्या आंत बोटें लांब आणि सरळ ठेवण्याचें काम तेच करतात. तिसरी, टांचा उचलणें: दोन्ही घोट्यांच्या मध्यें टेनिसचा चेंडू धरून, गुडघे ताठ ठेवून, दोन आंकड्यांत वर चढावें आणि चार आंकड्यांत खालीं यावें. घोटे बाहेरच्या बाजूस कलले कीं चेंडू पडतो. शिक्षक जवळ नसला तरी चेंडू चूक दाखवितो. उतरणें चढण्यापेक्षां सावकाश असावें हें महत्त्वाचें. घोटा मुरगळण्याचे प्रसंग थकलेल्या पायानें धपकन् उतरतांना पुष्कळ येतात.

वर्गांत, शिक्षकांच्या नजरेखालीं, पुढचा क्रम असा असतो. मऊ सपातांत मोकळ्या जागेंत दोन्ही चवड्यांवर. मग एका चवड्यावर. हें पक्कें झाल्यावर पॉइंटचे बूट घालून बारशीं दोन्ही पायांवर. हात उचलण्याची कसोटी पुन्हां पहिल्यापासून. मग त्याच बुटांत मोकळ्या जागेंत दोन्ही पायांवर. या ठिकाणीं दोन्ही पावलें एकापुढें एक घट्ट चिकटवून चढणें सर्वांत सोयीचें, कारण दोन्ही पाय मिळून एकच खांब होतो. त्यानंतर पाय बाजूंना उघडून चढणें. त्यानंतर अगदीं लहान लहान जलद पावलांनीं टोंकांवर चालणें. कित्येक मुलींना उभें राहण्यापेक्षां हें चालणें सोपें वाटतें, त्याचें कारण सायकलसारखें आहे. चालत्या सायकलीवर प्रत्येक क्षणीं आधाराची जागा बदलून तोल सांवरतां येतो, उभ्या सायकलीवर येत नाहीं. एका पायाच्या टोंकावर बारशिवाय उभें राहणें हें सर्वांत शेवटीं येतें, आणि त्यास महिने लागतात. कोणतीहि पायरी गाळून वर गेलें तर खालची पायरी पुढें कधीं तरी वसुली करतेच.

मोकळ्या जागेंत उभें राहतांना चार गोष्टी पाहाव्या. भार पावलाच्या दुसऱ्या व तिसऱ्या बोटांच्या रेषेंतून खालीं जावा. करंगळीकडे झुकला कीं घोटा आंत वळतो आणि बाहेरच्या बाजूचीं बंधनें दुखावतात. आधाराच्या पायाची कमर बसूं देऊं नये. त्या पायावर शरीर टांगलेलें नसावें, उचललेलें असावें. नजर डोळ्यांच्या उंचीवरील एखाद्या स्थिर खुणेवर ठेवावी. खालीं पायाकडे पाहिलें कीं डोकें पुढें जातें, आणि डोक्याचें वजन कांहीं थोडें नसतें. आणि श्वास कोंडूं नये. श्वास कोंडला कीं सारें अंग ताठरतें, आणि ताठरलेल्या अंगाला बारीक दुरुस्ती करतां येत नाहीं. येथें आरशाविषयींहि एक शब्द सांगावासा वाटतो. आरसाहि एक प्रकारचा बारच आहे. त्यांत पाहून जमलेला तोल आरशाकडे पाठ केल्यावर टिकतो कीं नाहीं, हें अधूनमधून पाहावें. रंगभूमीवर आरसा नसतो.

आतां आईबापांसाठीं. पावलांत २६ हाडें असतात, आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या पावलांतील हाडांची वाढ पुरी झालेली नसते. नृत्यवैद्यक आणि नृत्यविज्ञान यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें या बाबतींत मार्गदर्शन केलें आहे. त्याचें तात्पर्य असें कीं, बाराव्या वर्षापूर्वीं पॉइंट सुरू करूं नये. केवळ वयावर न जातां तीन-चार वर्षांचें पद्धतशीर शिक्षण झालेलें असावें. आणि आठवड्यांतून एकदांच वर्गाला जाणाऱ्या मुलीला पॉइंट देऊंच नये. वय हा दरवाजा आहे, परवाना नव्हे. परवान्यासाठीं शिक्षक कांहीं कसोट्या घेतात. पाय लांब करून बसलें आणि पाऊल ताणलें असतां पावलाची पाठ आणि नडगी एका रेषेंत आली पाहिजे. पट्टी टेंकवून हें दिसतें. एका पायावर ओळीनें सोळा उड्या मारावयाच्या. त्यांपैकीं निदान आठ उड्यांत तरी कमर न हलतां, गुडघा सरळ होऊन, पाऊल पूर्ण ताणलें गेलें पाहिजे. एका पायावर उभें राहून धड पुढें आणि दुसरा पाय मागें आडवा करावयाचा, व पायाचा गुडघा वांकवून हात जमिनीला लावावयाचे, असें पांच वेळां. त्यांत चार वेळां तरी गुडघा आंत पडतां कामा नये. या कसोट्यांत नापास होणें ही नामुष्की नव्हे. कांहीं मुलींच्या पावलाची घडणच अशी असते कीं, पॉइंट त्यांना कधींच मानवत नाहीं. त्यांनाहि मऊ सपातांत उत्तम नाचतां येतें, आणि आपल्या कथक-भरतनाट्यमचें दार तर उघडें आहेच.

आमच्या भागांतील घरांना लागू असे दोन इशारे देऊन ठेवतों. बॅलेसाठीं जमीन थोडी लवचिक असावी लागते. म्हणून नृत्यशाळांत लांकडी पाटांची जमीन पोकळीवर बसविलेली असते. सदनिकेंतील गुळगुळीत फरशीवर पॉइंटचे बूट घालून सराव करूं नये. कडकपणा आणि घसरण हे दोन्ही शत्रु तेथें एकत्र आहेत. खिडकीचे गज, पलंगाची कड किंवा प्लॅस्टिकची खुर्ची यांना बार मानूं नये. अनवाणी व्यायामासाठीं बोटें टेंकावयास ओटा किंवा जड लांकडी खुर्चीची पाठ पुरे. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. बुटाचें टोंक खळीचें. घामानें आणि दमटपणानें तें मऊ पडतें. उल्हास नदीच्या कांठच्या आपल्या हवेंत चार महिने कांहींच लवकर वाळत नाहीं. वापरलेला बूट प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंबूं नये. वाऱ्यावर टांगावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय घालूं नये. टोंक दाबून पाहावें. बोटानें दबूं लागलें कीं त्या बुटाचें आयुष्य संपलें. बूट महाग असतात, पण मेलेल्या बुटावर उभें राहणें त्याहून महाग पडतें. आणि पायाच्या मागच्या बाजूस किंवा घोट्यांत दुखणें दोन-तीन दिवसांहून अधिक टिकलें, तर ‘संवयीचें दुखणें’ म्हणून सोडून न देतां वैद्यांस दाखवावें.

सरावाच्या वेळेविषयीं शेवटचें. तोलाचा अभ्यास दमल्यावर करूं नये. दमलेला स्नायु उशिरा उत्तर देतो, आणि तोलांत उशीर म्हणजेच पडणें. एका दिवशीं तासभर करण्यापेक्षां रोज दहा मिनिटें, अंग गरम झाल्यावर पण थकण्यापूर्वीं, हें अधिक फलदायी आहे. प्रगति मोजण्यासाठीं एक लहानशी वही ठेवावी: आज उजव्या पायावर किती सेकंद, डाव्यावर किती. दोहोंत नेहमीं फरक आढळेल. दुबळ्या पायाला एक खेप अधिक द्यावी. मुलीनें स्वतः लिहिलेला हा आंकडा शेजारणीच्या मुलीच्या चित्रापेक्षां अधिक खरा असतो.

श्रोतेहो, हात कधीं सोडावयाचा हा प्रश्न मुलगी, शिक्षक आणि आईबाप या तिघांनीं मिळून सोडवावयाचा आहे. घाईनें सोडविलेला हात घोट्याला महागांत पडतो. भीतीपोटीं कधींच न सोडविलेला हात मुलीला बारशींच म्हातारी करतो. पाया तयार करून, कसोटी घेऊन, योग्य वेळीं तो दोन बोटें वर उचलावा, आणि चार आंकडे शांतपणें मोजावे. पांचव्या आंकड्याला तोल गेला तर पुन्हां बार धरावा, आणि उद्यां पांच मोजावे.